अडीच वर्षांची ओवी ऑफलोड

“काकू, तिघांचे बोर्डिंग पास दिले. ओवीचा देऊन नाही राहिले.”

पल्लवीचा फोन आला तेव्हा मी रायपूरच्या सदर बाजारात स्कूटर लावायला जागा शोधत होते. मागे हॉर्नवर हॉर्न चालले होते, त्यामुळे मला पहिल्यांदा नीट ऐकूच आलं नाही. मी म्हटलं, “सीट वेगळी दिली असेल गं. मी बोलते त्यांच्याशी.”

“सीट नाही काकू. ते म्हणतात, तुम्ही तिघं जा. बच्ची ऑफलोड होईल.”

मी स्कूटर तशीच वळवली आणि विमानतळाच्या रस्त्याला लागले.

हा शब्द आधी सांगते. माझी बूढ़ापाऱ्यात छोटी ट्रॅव्हल एजन्सी आहे. बरीच वर्षं मी लोकांची तिकिटं, व्हिसे, विमे करते आहे. ऑफलोड म्हणजे तिकीट पक्कं असलेल्या प्रवाशाला ऐन वेळी त्या विमानातून उतरवणं, त्याचं नाव काढून टाकणं. सामानालाही आम्ही हाच शब्द वापरतो. बॅग आली, मालक आला नाही, तर बॅग ऑफलोड. दारू पिऊन आलेला माणूस ऑफलोड झालेला मी पाहिला आहे. पासपोर्टची मुदत संपलेले दोन नवरदेव पाहिले आहेत. पण आई, बहीण आणि भाऊ विमानात, आणि अडीच वर्षांची पोर खाली, असला प्रकार कधी ऐकला नव्हता. बॅगेलासुद्धा मालकाबरोबर ठेवतात हो.

पल्लवीचं सासर आमच्याच गल्लीत. नवरा निखिल दुबईत एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर. जुळी जेमतेम वर्षाची होती तेव्हा तो गेला. तेव्हापासून मुलांना बाप म्हणजे सासूबाईंच्या मोबाइलवर दिसणारा माणूस. शेवटी कंपनीने घर दिलं, कुटुंबाचा व्हिसा झाला, आणि पल्लवी तिन्ही मुलांना घेऊन निघाली. थोरली सई पाच वर्षांची, जुळी ओवी आणि ओजस अडीचची. एकटी बाई, तीन लेकरं, रायपूरहून मुंबई आणि मुंबईहून दुबई. मी सगळं एकाच पीएनआरवर काढलं होतं. पीएनआर म्हणजे एका बुकिंगचा एक नंबर. त्यात जेवढी नावं, तेवढी माणसं कॉम्प्युटरच्या लेखी एकत्र. लहान मुलं असली की मी हे हटकून करते, म्हणजे कोणी त्यांना आईपासून वेगळं करू शकत नाही. असं मला वाटत होतं.

व्हिसावर आत शिरायची मुदत असते. यांच्या व्हिसाचे थोडेच दिवस उरले होते. आजचं विमान गेलं तर नवं तिकीट एकवेळ मिळालं असतं, पण त्या मुदतीच्या आत चार जागा एकत्र मिळणं कठीण होतं. व्हिसा पुन्हा काढायचा तर निखिलच्या कंपनीकडे पुन्हा हातापाया पडणं आलं. त्या घरासाठी त्याने किती महिने वाट पाहिली होती ते मला ठाऊक होतं.

विमानतळाच्या दारात पल्लवीच्या सासूबाई उभ्या होत्या. तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत, त्यामुळे त्या काचेला नाक लावून आत बघत होत्या. मला बघताच माझा हातच धरला.

“ताई, माह्या नातीले काहून अडवून ठेवलं यांनी? ते का चोरीची आहे?”

“कारण काय सांगतात?”

“म्हणतात, फोटोतली पोट्टी हे नाही.”

मी काचेतून पाहिलं. आणि मला कारण कळलं.

काउंटरसमोर पल्लवी उभी होती. सई ट्रॉलीला धरून. तिच्याजवळ दोन मुलं, दोघांच्या अंगात एकसारखे निळे टी-शर्ट, दोघांच्या कानात एकसारख्या सोन्याच्या बाळ्या, आणि दोघांची डोकी सफाचट. वर हळद लावलेली. दुधी दिव्यांखाली दोन पिवळे गोटे चमकत होते. त्यांतला एक सामानाच्या वजनकाट्यावर चढायचा प्रयत्न करत होता. तो ओजस असावा. मला तरी कुठे खात्रीने सांगता येत होतं?

“आजी, हे कधी केलं?”

“परवा. वऱ्हाडात जाऊन आलो ना आमच्या देवीले. जुळ्यांचा नवस होता. जावळ राहून गेलं होतं.”

“परवा? परवा होय! मला सांगायचं तरी!”

“तुमाले काय सांगायचं? केस तं आमच्या लेकरांचे आहेत!”

आमच्याकडे बाळाचं जावळ काढल्याशिवाय त्याला परक्या मुलखात न्यायचं नाही असं मानणारी घरं अजून पुष्कळ आहेत. मुलीचं जावळ सगळे काढत नाहीत, पण जुळ्यांचा नवस एकत्रच बोललेला. दोघांचे कान बारशालाच टोचलेले. मला कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, पोचल्यावर वर्षाने या आणि काढा. पण प्रवासाआधी ट्रॅव्हल एजंटला विचारून जावळ काढायची पद्धत अजून निघायची आहे.

मी पल्लवीला फोन लावला आणि म्हटलं, स्पीकरवर टाक. काउंटरवर टाय लावलेला एक तरुण होता. माझ्या फोनमधल्या आवाजाकडे तो जरा वैतागूनच बघत होता, ते मला काचेतून दिसत होतं.

“भैया, मैं इनकी एजेंट बोल रही हूँ। दिक्कत क्या है?”

“मैडम, पासपोर्ट में फीमेल चाइल्ड है। सामने दोनों मेल चाइल्ड हैं।”

“दोनों मेल किसने बताया?”

“दिख रहा है ना मैडम।”

काय दिसत होतं? दोन टकली आणि दोन निळे टी-शर्ट. त्याच्या घरी मुली टी-शर्ट घालत नसतील बहुधा.

मी म्हटलं, पासपोर्टचा फोटो बघा. तो म्हणाला, पासपोर्टमध्ये तर टक्कलच आहे. बरोबर होतं. पासपोर्ट काढला तेव्हा ओवी पाच महिन्यांची होती, डोक्यावर जावळाचे चार केस. व्हिसाचा फोटो अलीकडचा, त्यात दोन शेंड्या आणि लाल रबरबँड. समोर पुन्हा टक्कल. त्याचं म्हणणं असं की तीन ठिकाणी तीन चेहरे आहेत. माझं म्हणणं असं की पाच महिन्यांचं बाळ आणि अडीच वर्षांचं मूल सारखं दिसत असतं तर जगातल्या आयांचं काम किती सोपं झालं असतं. पण हेच त्याने ओजसच्या बाबतीत का नाही विचारलं? त्याच्याही पासपोर्टात पाच महिन्यांचं टक्कल होतं. त्याच्याही व्हिसावर केस होते. मुलगा टकला असला की मुंडण, आणि मुलगी टकली असली की घोटाळा!

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. विमान कंपन्या कागदपत्रांना उगाच घाबरत नाहीत. चुकीच्या माणसाला परदेशात नेलं तर कंपनीला दंड होतो आणि त्याला परत आणायचा खर्चही तिच्याच डोक्यावर. मुलं पळवून नेणारेही असतात. म्हणून चौकशी करावी, जरूर करावी. दोन प्रश्न जास्त विचारावे. पण या पठ्ठ्याने प्रश्न विचारलेच नव्हते. त्याने उत्तर दिलं होतं.

“ठीक है,” मी म्हटलं, “चारों एक पीएनआर में हैं। बच्ची को ऑफलोड करने के लिए पीएनआर स्प्लिट करोगे ना?”

स्प्लिट म्हणजे एका बुकिंगमधून एखाद्याला वेगळं काढणं.

“जी मैडम।”

“करके दिखाओ।”

तो टाइप करत राहिला. मग थांबला. पुन्हा टाइप केलं. मला माहीत होतं काय होणार ते. लहान मुलाचं नाव एकटं वेगळं काढायला गेलं की सिस्टिम विचारते, याच्याबरोबर मोठं माणूस कोण? त्या यंत्राला जी गोष्ट कळत होती ती या टायवाल्याला कळत नव्हती.

“सिस्टम नहीं ले रहा,” तो म्हणाला. “मैनेजर से बात कीजिए।”

तेवढ्यात फोनमध्ये मागून सईचा आवाज आला. “आई, ओवी नाही येणार का आपल्यासंग?” आणि पल्लवी पहिल्यांदा रडली. इतका वेळ ती तीन लेकरं, चार बॅगा आणि तो टायवाला सांभाळत होती. त्या प्रश्नाने तिचा बांध फुटला. काचेच्या अलीकडे आजींनी पदर तोंडाला लावला.

मला संताप अनावर झाला. माझं रक्त लवकर तापतं, असं घरचे म्हणतात. तापायला नको का?

मॅनेजर दारापर्यंत आला, एवढे उपकार मानायला हवेत. वयाने पोक्त, बोलायला अतिशय गोड. असल्या गोड माणसांशी भांडणं फार कठीण.

“मैडम, हम फैमिली के साथ हैं। बाकी तीन पैसेंजर कम्फर्टेबली ट्रैवल कर सकते हैं।”

“और चौथी?”

“घर के लोग तो बाहर हैं ही।” त्याने आजींकडे हात केला. “बच्ची दादी के पास रह जाए। नई फोटो वाले पेपर बनवाइए, फिर भेज दीजिए।”

“कोणासोबत भेज दीजिए?” आजी कडाडल्या. “म्या पासपोर्ट कधी पाह्यला नाही! कुरियरनं पाठवू का पोट्टीले?”

“माताजी, आप समझ नहीं रहीं।”

“हव, मीच समजून नाही राहिली! तुमीच सगळे समजदार!”

मी त्याला विचारलं, तुमच्याच कंपनीच्या नियमात पाच वर्षांखालचं मूल एकटं प्रवास करू शकत नाही, हे खरं ना? तो म्हणाला, खरं. मग ती नंतर एकटी कशी जाईल? तो म्हणाला, आई परत येऊन घेऊन जाईल. बाकी दोन लेकरांना दुबईत ठेवून? की त्यांनाही परत आणून? त्यावर तो इतकंच म्हणाला की हा फॅमिलीचा अंतर्गत प्रश्न आहे.

अंतर्गत प्रश्न! वेगळं करायचं यांनी, आणि प्रश्न मात्र घरचा.

“सर,” मी म्हटलं, “मुंडन हुआ है। परसों हुआ है। आप भी इसी देश के हैं। आपके घर में नहीं होता?”

“होता है मैडम। पर उसका प्रूफ क्या है?”

जावळाचा पुरावा. मी आजींकडे पाहिलं, आजींनी माझ्याकडे. आणि मग आजी एकदम म्हणाल्या, “ज्योतीचा व्हिडिओ!”

ज्योती म्हणजे पल्लवीची वहिनी, मुलांची मामी. राहते रायपूरबाहेर बीरगावला, तिचा नवरा तिथल्याच उरला नावाच्या औद्योगिक भागातल्या कारखान्यात शिफ्टला जातो. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं असतं, त्यामुळे मामा-मामी दोघं वऱ्हाडात गेले होते. आणि मामीची ख्याती अशी की तिने फोन हातात घेतला की ती तो बंद करत नाही. लग्नात अक्षता, जेवणं, उष्टी पानं, बोहारणीशी घासाघीस, सगळं एका दमात. तिचे व्हिडिओ घरात कोणी पुरते बघत नाही. ग्रुपवर टाकले की लोक हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळे होतात. याही वेळी नवरोबाने तंबी दिली होती म्हणून तिने ग्रुपवर फक्त फोटो टाकले होते. व्हिडिओ तिच्या फोनमध्ये तसाच होता.

मी तिला फोन केला.

“ज्योती, जावळाचा व्हिडिओ आहे का गं?”

“आहे ना ताई! पूर्ण आहे. पण लय मोठा आहे, कोणी पाहत नाही माह्ये व्हिडिओ.”

“आज एक साहेब बघणार आहेत. पाठव.”

“खरंच?” बिचारीला आनंद झाला.

पण व्हिडिओ काही केल्या जाईना. फाइल मोठी, बीरगावचं नेटवर्क रडतखडत चाललेलं. आत काउंटर बंद व्हायची वेळ जवळ येत होती. मागची रांग संपून गेली होती. टायवाला मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता, आणि ते पल्लवीला दिसेल असं बघत होता. शेवटी मी म्हटलं, ज्योती, पाठवू नको, दुसऱ्या कोणाच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लाव आणि तुझ्या फोनवर तो चालवून समोर धर. तिने शेजारणीचा फोन घेतला. एका फोनवर चित्र, दुसऱ्या फोनमधून ते दाखवणं, आणि इकडे मी माझा फोन मॅनेजरच्या नाकासमोर धरलेला.

देवळाचं आवार. मामाच्या मांडीवर ओवी, अंगात पिवळा फ्रॉक, डोक्यावर दोन शेंड्या, लाल रबरबँड. व्हिसावरच्या फोटोतल्याच. न्हाव्याने एक रबरबँड काढला. ओवीने भोकाड पसरलं. मागून मामीचा आवाज, “ओवी, पाह्य ना, कॅमेऱ्यात पाह्य! झालं, झालं!” वस्तरा फिरत गेला. एक शेंडी गेली, दुसरी गेली. मामी एकदाही थांबली नाही, मध्ये कुठे कापलं नाही. केसांतून तेच डोकं बाहेर येत गेलं, तोच रडका चेहरा, त्याच बाळ्या. शेवटी आजी आल्या आणि हळदीचा हात फिरवला. आजींनी स्वतःला पाहिलं आणि त्यांनाही पुन्हा रडू आलं.

मॅनेजर सगळं बघत होता. एकदा तर मला वाटलं, त्याच्या ओठाला हसू आलं. मग तो म्हणाला, “मैडम, यह ऑफिशियल डॉक्यूमेंट नहीं है।”

मी शांत झाले. खरोखर शांत. संताप एका हद्दीपलीकडे गेला की माझा आवाज खाली येतो.

“ठीक है सर। आप लिखकर दीजिए।”

“क्या?”

“कंपनी के कागज पर। पैसेंजर ओवी, उम्र ढाई साल, मुंडन होने के कारण विमान में नहीं लिया गया। माँ और भाई-बहन को बिना उसके भेजा गया। नीचे आपका नाम और दस्तखत। मैं यहीं खड़ी हूँ।”

हे काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, तोंडी नाही म्हणणारे शंभर असतात, लिहून देणारा एक नसतो. तो म्हणाला, एक मिनिट. आत गेला, फोनवर कोणाशी तरी बोलला. मुंबईचं ऑफिस असावं. बोलताना त्याने एकदा स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवून दाखवला. फोनवर हात दिसत नाही, हे त्याच्या लक्षात नसावं.

परत आला नाही. काउंटरवरूनच त्याने मला अंगठा वर करून ‘ओके’ची खूण केली. टायवाल्याने चौथा बोर्डिंग पास छापला. पल्लवीने तो हिसकावूनच घेतला.

तिने मला नंतर सांगितलं, मॅनेजर तिला काय म्हणाला ते. “हमने मना कहाँ किया था मैडम? मुंबई में इमिग्रेशन वाले देख लेंगे।” माफी नाही, ‘त्रास झाला’ नाही, काही नाही. मना कहाँ किया था! मग ते पोर इतका वेळ कशाची वाट बघत उभं होतं?

मुंबईत काय होईल या धास्तीने मला दिवसभर जेवण गेलं नाही. इमिग्रेशन म्हणजे सरकारी अधिकारी, देशाबाहेर जाणाऱ्याचा पासपोर्ट तपासून शिक्का मारणारे. ओळख पटवायचा खरा अधिकार त्यांचा. पल्लवी लेकरांना रांगेत उभं करून, ज्योतीचा अखेर येऊन पोचलेला व्हिडिओ तयार ठेवून त्यांच्यासमोर गेली. खिडकीत एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी पासपोर्ट बघितले, व्हिसे बघितले, खाली वाकून दोन पिवळी डोकी बघितली.

“जावळ काढलं का? कुठं?”

पल्लवीने देवीचं नाव सांगितलं.

“छान. मुलीचंही काढलं होय. केस दाट येतात नंतर.” आणि चार शिक्के मारले. व्हिडिओ दाखवायची गरजच पडली नाही.

मी विमान कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं की प्रवाशांची सुरक्षितता त्यांच्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे आणि माझा अभिप्राय संबंधितांपर्यंत पोचवला आहे. संबंधित म्हणजे तोच गोड मॅनेजर असणार. त्याच्यापर्यंत तो मीच पोचवला होता, काचेच्या दारात उभी राहून.

पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी पल्लवीचा दुबईहून फोन आला होता. हसत होती आणि रडत होती. विमानतळावर निखिल बाहेर उभा होता. सई धावत जाऊन बिलगली. निखिलने खाली वाकून जुळ्यांतल्या एकाला उचललं, पिवळ्या डोक्याचे मुके घेत म्हणाला, “माझी ओवी! माझं पिल्लू!” त्याच्या हातात ओजस होता.

“मग?” मी विचारलं.

“मंग काय काकू. ओवी ट्रॉलीमागून आली आन् त्याची पँट ओढून म्हणे, ‘मी ओवी.’”

मी हसले. फोन ठेवला आणि मला पुन्हा संताप आला. बापाचं मी समजू शकते, दीड वर्षं त्याने मुलांना हाताच्या पंजाएवढ्या पडद्यावर पाहिलं. पण त्या दिवशी काउंटरवर टायवाला होता, मॅनेजर होता, मुंबईचं ऑफिस होतं, सिस्टिम होती. ही मुलगी खरंच ओवी आहे का यावर एवढी मोठी माणसं तिच्या डोक्यावरून बोलत राहिली. ती खाली उभी होती, तिला बोलता येत होतं, स्वतःचं नाव ठाऊक होतं. वाकून तिला कोणी विचारलं नाही.

आता लहान मुलांची तिकिटं काढायला कोणी आलं की मी पासपोर्ट मागते, व्हिसा मागते आणि विचारते, जावळ झालंय का? नसेल तर परत आल्यावर काढा. लोक हसतात. मी हसत नाही. आणि आणखी एक सांगते. काउंटरवर कोणी अडवलं तर वाद घालत बसू नका. लेकराला उचला, काउंटरवर उभं करा, आणि म्हणा, साहेब, हिलाच विचारा.